केस जाणार

मी, खाली सही करणारी, वय पन्नाशीला टेकलेले, धंदा साप्ताहिकात लोकांची टर उडवणे, राहणार वडिलांच्या घराचा वरचा मजला, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा पुरावा हाच की मी अतिशय घाबरलेली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डाव्या स्तनात एक गाठ आहे, पण तिला इस्टेटीतले काही नको. तिला मीच हवी आहे.

परवा सकाळी ऑपरेशन. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत, असे लिहायचे असते म्हणे. यापूर्वी केलेलेच नाही. मरण हा विषय मी नेहमी दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

१. वरच्या दोन्ही खोल्या, पुस्तकांची कपाटे आणि गळका नळ माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. बापाची नजर चुकवून ती वर येत राहिली आणि माझ्या चहाला तोंडावर नावे ठेवत राहिली. या घरात माझ्याशी खरे बोलणारी ती एकटीच.

२. आता जिना. आमच्या वडिलांना शब्दांचीही काटकसर. त्यांनी लिहिले: खालचा मजला मुलाला, वरचा मुलीला. मधला जिना कोणाला, हे लिहायचे राहिले. खाली दादाचे चष्म्याचे दुकान आणि बिऱ्हाड, वर मी. जिना माझा की त्याचा, यावरून आम्ही सख्खी भावंडे कोर्टात गेलो. तेव्हापासून बोलणे बंद. जे काही बोलायचे ते वकील बोलतात. दादा गिऱ्हाइकांना वर बोट दाखवून सांगतो, "वर एक केस राहते." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो.

केस हा इंग्रजी शब्द भलताच ऐसपैस. कपडे भरले की सूटकेस. चष्मा ठेवायची ती केस. जिन्यालाही शेपटासारखा चिकटलेला, स्टेअरकेस. भांडण कोर्टात नेले की केस, डोके फिरले की केस, आजारी पडलो तर आपणच केस. आणि आपल्या भाषेत येऊन तो बसला कुठे, तर नेमका डोक्यावर, जिथे आधीच केस होते.

३. हे कलम माझ्या वकीलबाई गाळा म्हणाल्या. मी गाळत नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "केस साधी आहे." तपासणीचे कागद आल्यावर म्हणाले, "केस इंटरेस्टिंग आहे." माणसाने डॉक्टरांना कधीही इंटरेस्टिंग वाटू नये. ऑपरेशननंतर औषध सुरू होईल आणि त्याने काय काय होईल तेही त्यांनी सांगितले. घरी आले ती वर न जाता जिन्यातच बसले आणि मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "केस जाणार."

तेवढेच बोलले. फोन ठेवला.

खाली दुकानात दादाने ते ऐकले. केस गेली म्हटले असते तर कोर्टाची, केस गेले म्हटले असते तर डोक्यावरचे. जाणार म्हटले की दोन्ही तशीच जातात. दादाला वाटले, मला वकीलबाईंनी हरणार म्हणून कळवले. त्या संध्याकाळी तो गाणे म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातली जुनी काचेची शोकेस, आतल्या चष्म्यांच्या फ्रेमांसकट, जिन्याच्या तोंडाशी आणून उभी केली. जिंकलेल्या मुलखावर झेंडा रोवतात तशी.

मी वरून ओरडून सांगायला हवे होते की अरे, ती केस नाही. सांगितले नाही. त्याला माझ्याविषयी काही कळावे तर मी हरले एवढेच कळावे, कीव येईल असे काही कळू नये, असे वाटले.

तेव्हापासून मला शोकेसचीच भीती वाटते. गाठीची भीती डोक्यात मावत नाही, शोकेसची मावते. परवा मी आडवी होऊन, अंग चोरून, तिच्या बाजूने उतरेन. पण त्याआधी काही झाले तर? स्ट्रेचर तिथे वळत नाही. मी उशी धरून पाहिली, उशीसुद्धा अडकते. आणि परत आणतील तेव्हा?

४. दाराशी भरलेली सूटकेस उभी आहे. तिच्यात दोन गाऊन, टॉवेल, साबण. कंगवा आत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. मी परत आले नाही तर ती कोणी माझ्या आठवणीने उघडू नये. कंगव्यात अडकलेले बघवणार नाहीत.

५. चष्म्याची केस दादाला परत. झाकणाच्या आत त्याने चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने "चिवट" असे कोरले आहे. लहानपणी मला तो तेच म्हणायचा. तो शब्द अजून खरा असावा, एवढीच परवापुरती माझी मागणी आहे.

६. वकीलबाई म्हणतात, खोल्यांबरोबर केसही वारसाकडे जाते. म्हणजे पोरीने बापाविरुद्ध तारखांना जायचे. ते नको. सबब जिन्यावरचा माझा सर्व हक्क मी थोरल्या भावाला देत आहे. अट एकच, शोकेस हलवावी.

यातला विनोद मला कळतो. मृत्युपत्रातली अट मेल्यावर लागू होते. मला शोकेस त्याआधी हललेली हवी आहे.

७. संपादकांना काही नाही. ते माझी शेवटची ओळ नेहमी कापतात. इथली कापू नये.

पुरवणी. साक्षीला कोपऱ्यावरचे औषधवाले आले आहेत. दुसरी साक्षीदार माझी मैत्रीण, तिचा ऐनवेळी निरोप आला की येणे जमत नाही. वकीलबाईंनी वाटेत शोकेसला गुडघा आपटून घेतला, त्यावरून खाली बोलाचाली झाली, आणि त्यांच्यामागून दादा वर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"साक्षीदार कमी पडतोय म्हणे," तो दारातूनच म्हणाला.

"तुम्ही सही केलीत तर तुमच्या नावचं कलम बाद होईल," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आधी वाचा."

त्याने चष्मा बदलला आणि वाचायला बसला. तिसऱ्या कलमाशी बराच वेळ थांबला. मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

"म्हणजे हे केस?"

"हो."

"आणि मी खाली गाणं म्हणत होतो."

"बेसूर."

"सांगायचंस की गं."

"तू विचारायचंस."

तो वकीलबाईंकडे हात पुढे करून म्हणाला, "पेन द्या."

"अहो, जिना जाईल तुमचा. चष्म्याची केससुद्धा."

"तिच्याचकडे राहू दे. परवा उतरायचंय तिला." मग माझ्याकडे न बघता, "आणि नंतर चढायचंय."

वरील पुरवणी मी वाचून पाहिली, ती बरोबर आहे. मी अजूनही तितकीच घाबरलेली आहे, हेही साक्षीदारांसमक्ष नमूद करते.

ठिकाण: वरचा मजला.
तारीख: ऑपरेशनला मधला एक दिवस बाकी.
सही: चिवट

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले
२. थोरला भाऊ (सही करून लगेच खाली गेले. शोकेसचे दुसरे टोक धरायला औषधवाल्यांना हाका मारत आहेत.)