होडीतला ड

साकीनाका,
गुरुवार, १० जुलै १९८६

प्रिय प्रेमा,

तुझं कार्ड मिळून नऊ दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. हे चौथं आहे. तू लिहिलंस की आपल्या साप्ताहिकाच्या वीस जूनच्या अंकात ‘वाचकांची मते’ या पानावर धर्माचं पत्र आलंय, खाली नाव आहे, धर्मा तुळशीदास वैती, खारदांडा. नऊ महिने समुद्रात बेपत्ता असलेला दादा पत्र लिहितो म्हणजे तो कुठेतरी किनाऱ्याला लागलाय. आणि तो अंक ज्या प्रेसमध्ये छापतात तिथेच मी कामाला आहे, तर मी ते पाकीट शोधावं, शिक्का वाचावा आणि गावाचं नाव कळवावं. कार्ड मी इतक्या वेळा वाचलंय की ‘शिक्का’ हा शब्द तू कुठे खोडून परत लिहिलास तेही मला पाठ झालंय.

सरूमावशी तेव्हापासून दोन वेळा जेवायला लागली, हे वाचलं. तुळशीदासकाका नारळी पौर्णिमेच्या आधी दर्भाचा पुतळा करून धर्माचं सगळं उरकणार होते, भटजींना सांगूनही झालं होतं. ते मावशीने मोडलं. माजा पोऱ्या जिता हाय, जित्या पोऱ्याचे दिवस कोन करतं, असं ती काकांना सगळ्या गल्लीसमोर म्हणाली. मंजुळावहिनीने परत हिरव्या बांगड्या भरल्या. आणि दादा आल्याशिवाय लग्न नाही म्हणून तुझं मुलुंडचं स्थळ थांबवलं. ते वाक्य वाचून मला क्षणभर बरं वाटलं. असं वाटायला नको होतं. पण या पत्रात काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहिलं.

तुला आठवतं का, होडीवरच्या म्होरक्याची ती चित्रमालिका, ‘तांडेल भैरू’, तिचा पहिला भाग आला तेव्हा आम्ही दोघं सहावीत होतो. चार चित्रं आणि चित्रांखाली मजकूर, बस. दोघांत एक अंक. धर्मा आधी चित्रं बघायचा आणि मी मजकूर वाचून दाखवायचो. ओटीवर सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत तू ऐकायचीस आणि मध्येच म्हणायचीस, दत्ता, सावकाश वाच ना, भैरू काय पळून जातोय काय. मी मजकुरातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करायचो आणि धर्मा चित्रांतल्या. वारा मागून येतोय आणि शीड मागे फुगलंय, या चित्रकाराला एकदा आमचे दर्यात नेऊन सोडा, असं तो ओरडायचा. मग म्हणायचा, लिव रे दत्ता, त्यांना पत्र लिव.

आठवीत माझी शाळा सुटली, त्याची त्याच्या आधीच. पण पत्रं सुटली नाहीत. तो सांगायचा, मी लिहायचो. अकरा वर्षांत आम्ही सव्वीस पत्रं पाठवली, पाच छापून आली. लोक काय काय लिहायचे त्या पानावर! कोणी म्हणे भैरू अकरा वर्षांत एक दिवसाने म्हातारा झाला नाही. कोणी म्हणे गोष्ट लांबवलीय, आता पुरे करा. घाटकोपरच्या एक शिक्षिका, रत्नप्रभाबाई, दर महिन्याला लिहायच्या की भैरूचं लग्न लावा. धर्मा म्हणायचा, बाईंना सांग, लग्न झालं की तो मासळी विकायला बसेल, मग कसलं साहस.

आमचं भांडण मात्र एकाच शब्दावरून व्हायचं. तो सांगायचा ‘होरी’ आणि मी लिहायचो ‘होडी’. तो ते बघायचा आणि चिडायचा. आमची होरीच हाय, होडी तुझे पुस्तकान, असं म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, अशुद्ध छापत नाहीत. शेवटी तो माझ्या हातातून पेन घ्यायचा आणि ड खोडून त्यावर एवढा मोठा र काढायचा. सव्वीसच्या सव्वीस पत्रांत ती खाडाखोड आहे. आणि छापून आलेल्या पाचही पत्रांत ‘होरी’च आलंय, संपादकांनी ते कधीच बदललं नाही. म्हणजे बरोबर तोच होता. मी ते त्याला कधी म्हणालो नाही.

मला इथे खिळे जुळवायचं काम लागलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला. भैरूचं पुढे काय होणार ते आता दत्ताला आठ दिवस आधी कळणार, म्हणून त्याने दांड्यावर पेढे वाटले. मी मात्र त्याला कधी आधी सांगितलं नाही. तो विचारायचा, मी हसायचो. गेल्या ऑक्टोबरात, होरी दर्यात नेण्याच्या आदल्या दिवशीही त्याने विचारलं होतं की भैरू त्या बेटावरून सुटतो का रे. शुक्रवारी वाच, असं मी म्हणालो. तो शुक्रवार त्याला मिळालाच नाही. दुसरं काही आठवलं नाही तरी हे मला रोज आठवतं.

आता पाकिटाचं. जूनच्या पहिल्या अंकात भैरूची होडी भोवऱ्यात बुडाली आणि ‘भैरू संपला?’ एवढं लिहून भाग थांबला. मग पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांचं म्हणणं होतं की आता त्याला मरू द्या, मालिका शोभेल अशी संपेल. ती सगळी पत्रं मीच जुळवत होतो. प्रत्येक पत्र जुळवताना वाटायचं, धर्मा असता तर यांना झाडलं असतं. वीस तारखेच्या अंकाचं ते पान एका दुपारी बांधताना खाली अकरा ओळींची जागा उरली. फोरमन भिकाजीराव म्हणाले, दत्ताराम, एखादं बारकं पत्र टाक आणि पान मोकळं कर. पत्र शिल्लक नव्हतं. मी कागद घेतला नाही, काही नाही. उभ्या उभ्या खिळे उचलत गेलो. ‘भैरूला मारू नका. होडी बुडाली म्हणून तांडेल बुडत नाही. तो पोहत कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल. घरच्यांनी धीर सोडू नये, तो येईल.’ आणि खाली धर्माचं नाव लावलं. मला वाटलं, एकदा, शेवटचं, त्याचं मत छापून यावं. सत्ताविसावं. तो अंक नेहमीसारखा मीच तुमच्याकडे आणून दिला, आणि तू तो मावशीला वाचून दाखवशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती भैरूबद्दलची ओळ मावशीने स्वतःच्या लेकाची म्हणून ऐकली.

तेव्हा पाकीट नाही, प्रेमा. शिक्का नाही. कुठलं गाव नाही. वाट बघणं संपावं म्हणून दत्ता खोटं सांगतो असं मावशी म्हणेल, म्हणून पुरावा देतो. तो अंक काढ आणि दुसरी ओळ बघ. तिथे ‘होडी’ छापलंय. धर्माने ते जन्मात सांगितलं नसतं. माझी बोटं सवयीने खिळ्यांच्या पेटीतल्या ड च्या घराकडे गेली आणि पेन हिसकावून घ्यायला तो शेजारी नव्हता.

मी रविवारी सकाळी येतो आणि मावशीच्या पायाशी बसून हे स्वतः सांगतो. तिने मारलं तरी चालेल. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर तू हे पत्र वाचून दाखव. रविवारच का, तेही सांगतो. काल मी पुढच्या अंकाचा मजकूर जुळवला. जे धर्माला मी कधी सांगितलं नाही ते तुला आधी सांगतो. अठरा तारखेच्या शुक्रवारी भैरू जिवंत परत येतोय, आणि किनाऱ्यावर त्याची आई उभी आहे. ते चित्र मावशीने बघण्याआधी तिला खरं कळायला हवं. म्हणून हे पत्र. त्यात तो शब्द या वेळी त्याच्यासारखा लिहितो, आणि खोडणार नाही. आपल्या धर्माची होरी परत येणार नाही.

तुझाच,
दत्ताराम