डब्यावरची कवटी

केडगाव, शनिवार, १४ सप्टेंबर १९७४

शेतीखात्याचे साहेब आज भर मीटिंगमध्ये म्हणाले, "ते विष आहे हे ग्रामसेवकाने लोकांना सांगायला नको होतं?" आणि मी गप्प बसलो. का बसलो?

जूनमध्ये उसाच्या किडीसाठी डबे आले, तेव्हा डब्यावरची कवटी मीच त्यांना दाखवली होती. ते हसले होते. "विष म्हटलंत तर डबा नेणार कोण? औषध म्हणा." मग मी वस्ती-वस्तीवर औषध, औषध करत हिंडलो. कवटीचं कुणी विचारलं, तर कंपनीचा छाप आहे म्हणून सांगितलं. हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

औषधच ते, म्हणून एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या आबांनी फवारणीचा पंप पिण्याच्या विहिरीवर धुतला. एकदा नाही, तीन महिने. आता अख्ख्या वस्तीला उलट्या होतायत, हातपाय कापतायत. आबांची सून दौंडच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले, विहीर बंद करा.

कारणे दाखवा नोटीस मात्र माझ्या नावाने निघणार. साहेबांचा संताप येतो, पण डोळे मिटले की साहेब दिसत नाहीत. ती कवटी दिसते.

संध्याकाळी आबांकडे गेलो. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी थरथरत्या हातांनी घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "बसा भाऊसाहेब. तुमी शिकल्याली मान्सं. हिरीत टाकाया यखादं औषध आसंल की तुमच्याकडं?"