माझं हेल्मेट कोणालाही मिळणार नाही

मी, खाली सही करणारी, धंदा हेल्मेट, जॅकेट, हातमोजे व दुचाकीस्वाराला लागणाऱ्या इतर वस्तूंची विक्री, जिला सगळा बाजार ‘हेल्मेटकाकू’ म्हणून ओळखतो, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी हातमोज्यांच्या भावावरून घासाघीस करून पाहावी. तब्येतही ठणठणीत आहे आणि मरणाची मला मुळीच घाई नाही.

मग आत्ताच का, तर त्याचं कारण असं. दातांचे एक निवृत्त डॉक्टर आमच्या दुचाकी मंडळात आहेत. माझ्यासारखेच एकटे राहतात. मागच्या लांबच्या सहलीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं. विचारलं तेही हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरून. तो दोघांपुरता कसा ठेवायचा आणि सगळ्या तांड्याला कसा जोडायचा, हे विकताना मीच त्यांना दाखवलं होतं. पण माणूस घाबरला की बटण विसरतो.

“अहो, ऐकताय ना?” डॉक्टर म्हणाले, “पुढचा रस्ता एकत्रच काढू या का? म्हणजे... लग्न करून?”

हे अख्ख्या तांड्याने ऐकलं. सगळ्यांच्या पुढे माझा मुलगा होता, त्यानेही ऐकलं. मी म्हटलं, “पुढे खड्डा आहे, जपून.” खड्डा कुठेच नव्हता. पण सगळ्यांनी एकदम ब्रेक दाबले आणि मंडळी आजतागायत मला तो खड्डा दाखवायला सांगतात.

डॉक्टर मला आवडतात, हे इथे उघडच लिहिते. या वयात लाजून काय मिळवायचंय? पण मुलगा त्या दिवसापासून या विषयावर चकार शब्द बोललेला नाही, आणि त्याच्या मनात नसेल तर मी हो म्हणणार नाही. धाकटे दीर मात्र पुष्कळ बोलले. “वहिनी, आयत्या बिळावर नागोबा येतोय, दुकान सांभाळा.” हे डॉक्टरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “जे आहे ते मुलाबाळांच्या नावावर लिहून टाका. माझं नाव कुठेही नको.” म्हणून हा कागद.

कलम पहिले. दुकान, त्यातला माल आणि दुकानाचं नाव मुलगा व सून यांना समसमान. आमचे हे गेले तेव्हा दीर म्हणाले होते, “बाईमाणसाचं हे काम नाही, विकून टाका.” मी तेव्हा गाडी चालवायलाही शिकले नव्हते. दुपारी दुकान बंद ठेवून मागच्या मैदानात शिकले, पडले, आणि पडल्यावरच कळलं की आपण विकतो त्यातलं काय कामाचं आणि काय नुसतं दिखाऊ. दुकानाची एक रीत मी तिथूनच पाडली, ती मोडू नये. गिऱ्हाइकाने हेल्मेट डोक्यात घालावं आणि काढू नये. समोरची काच वर करून त्याला चहा द्यावा. चहा संपल्यावर हेल्मेट काढून कपाळ पाहावं. लाल वळ उठला असेल तर ते त्याचं नव्हे. मान हलवल्यावर हेल्मेट मागे राहत असेल तर तेही त्याचं नव्हे. गिऱ्हाईक म्हणेल, “पण मला याचाच रंग आवडलाय.” त्याला दुसरा चहा द्यावा, पण ते हेल्मेट देऊ नये.

कलम दुसरे. राहतं घर मुलाला. बँकेतली शिल्लक सुनेला, कारण मुलाच्या हातात पैसा आला की गाडीला नवा दिवा लागतो. सध्याच त्याची गाडी लग्नाच्या मांडवासारखी उजळलेली असते.

कलम तिसरे. माझं हेल्मेट कोणालाही मिळणार नाही. यावर डोळा असणाऱ्यांनी रुसू नये. हेल्मेटच्या आतली गादी वापरता वापरता एकाच डोक्याच्या आकाराची होते, आणि माझं डोकं कसं आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आईची आठवण’ म्हणून कोणी ते घालून गाडीवर बसलं तर माझी आठवण जपली जाईल आणि त्याचं डोकं फुटेल. माझ्यामागे त्याचा पट्टा कापावा, हातोड्याने ते फोडावं, आणि आठवण हवीच असेल तर प्रत्येकाने आपापल्या मापाचं नवं घ्यावं.

कलम चौथे. माझी मोटारसायकल सुनेला. ती रोज कामावर जाते आणि मुलापेक्षा चांगली चालवते. तिलाच माझं पिवळं जाळीचं जॅकेटही, कारण आमचे खांदे एकाच मापाचे आहेत. मुलगा म्हणेल पिवळं भडक दिसतं. अरे बाबा, दिसावं म्हणूनच तर घालायचं! काळं घालून संध्याकाळच्या गर्दीत ट्रकवाल्याला कोडं कशाला घालायचं? सूनबाई, कोपराचं कवच हात वाकवून तपास. ते जागेवरून सरकत असेल तर जॅकेटची बाही आवळ. रोजच्या जाण्यायेण्याला हे पुरे. लांब जाशील तेव्हा आत उबेचं अस्तर लाव आणि रेनकोट घेताना जॅकेटवरून चढेल इतका मोठा घे. हातमोजे मात्र तुझे तूच घे. मूठ वळली की तळव्याला चुणी पडता कामा नये.

मी सांगते ते टाइप करून घेणाऱ्या वकीलबाईंनी इथे हात थांबवला. “काकू, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत.” मी विचारलं, “तुमच्या हातमोज्यांना चुणी पडते का?” त्या स्कूटरवरून येतात. त्यांनी पर्समधून काढून पाहिले आणि पुढे टाइप करायला लागल्या.

कलम पाचवे. गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्यांची जोडी धाकट्या दिरांना. त्यांनी ती एकदा सहलीसाठी मागून नेली होती. सगळं जड सामान डाव्या पिशवीत कोंबलं आणि उजवीत एक टॉवेल ठेवला. पहिल्याच वळणावर गाडीने डावीकडे लोळण घेतली. खरचटण्यावर निभावलं, पण परत येऊन भरल्या दुकानात म्हणाले, “वहिनी, तुमच्या पिशव्याच वाकड्या आहेत.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तर ही वाकडी जोडी त्यांना कायमची देते. दोन्हीकडे सारखं वजन, जड वस्तू तळाशी, आणि रेनकोट सगळ्यांत वर. भाऊजी, तुमच्यावर माझा राग आहे, पण तुम्ही पडावं असं मला कधीच वाटलं नाही.

कलम सहावे. माझे घोट्यापर्यंतचे बूट कोणाला येत असतील त्याने घ्यावेत. नाडी आत खोचायला विसरू नये.

कलम सातवे. डॉक्टरांना काहीही नाही. हे त्यांच्याच म्हणण्यावरून लिहिते. या माणसाने माझ्या दुकानातून सगळं एकदम कधी घेतलं नाही. आधी हातमोजे नेले. मग हेल्मेटची काच पुसायचं फडकं. मग कानात घालायचे बोळे, वाऱ्याचा आवाज लागतो म्हणून. मग साखळीला लावायचं तेल, आणि नंतर कळलं की त्यांच्या गाडीला साखळी नाही, पट्टा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतकं छान लपवणारं नाही पाहिलं. मला त्यांच्याबरोबर हसायला येतं. मिळकतीचा प्रश्न नाही म्हणून हे कलमात बसत नाही, तरी राहू द्यावं.

इथपर्यंत टाइप झालं. यापुढचं मी हाताने लिहिते आहे, कारण मधे गोष्टी घडल्या.

सह्यांसाठी मी दोघांना दुकानात बोलावलं होतं, समोरचे शिंपी आणि डॉक्टर. जॅकेटच्या बिघडलेल्या चेनी दुरुस्त करणारे हे शिंपी माझ्या ओळखीतले सगळ्यांत गप्प गृहस्थ. त्यांनी सही केली. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं तेवढ्यात मुलगा गोदामातून बाहेर आला. सगळा वेळ तो आत खोकी लावत होता आणि ऐकत होता.

“थांबा,” तो म्हणाला. “आई, यांची सही चालायची नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“का चालायची नाही?” वकीलबाईंनी विचारलं.

“घरच्या माणसाची साक्ष कशी चालेल?”

वकीलबाई कायद्याच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, “चालते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, एवढंच. यांना तर काहीच मिळत नाहीये.”

“मग काहीतरी लिही की त्यांच्या नावावर,” मुलगा मला म्हणाला. “आई, इतके दिवस मी गप्प होतो तो रागाने नाही गं. बाबांची जागा, म्हणजे... मला वेळ लागला. तू माझ्यासाठी थांबलीयस, हे मला आत्ता ऐकताना कळलं.”

मी रडले. शिंप्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढून उगाच टेबलाची लांबी मोजली. मग मी डॉक्टरांना म्हटलं, “हो. खड्डा नाहीये.” वकीलबाईंनी हे टाइप करायला नकार दिला, म्हणून हातानेच.

कलम आठवे. माझ्या घराच्या दाराआत जॅकेटं अडकवायला दोन खुंट्या आहेत. एकीवर माझं जॅकेट असतं. दुसरी आमचे हे गेल्यापासून मी रोज पुसते आणि रिकामी ठेवते. ती दुसरी खुंटी डॉक्टरांना देते. ती वापरण्यासाठी त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. आजपासूनच जॅकेट तिथे अडकवावं.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे.

सही: हेल्मेटकाकू
स्थळ: माझं दुकान, चहाच्या टेबलावर
दिनांक: मंडळाच्या पुढच्या सहलीच्या आधीचा रविवार, सकाळ

साक्षीदार पहिला: समोरचे शिंपी (सही)
साक्षीदार दुसरा: ~~दातांचे डॉक्टर~~ नाव खोडले. कारण: लाभार्थी, कलम आठ. त्यांच्या जागी कोपऱ्यावरचे पंक्चरवाले (सही; कागदावरचा काळा अंगठा त्यांचाच, तो चुकून उमटला आहे)