पकडलेलं जहाज

बाबा, काल नातीनं मला तिच्या कॉम्प्युटरवरच्या लढाईत बसवलं. आकाशात जहाजं, जहाजांवर तोफा. शत्रूचं एक जहाज लुळं होऊन समोर आलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला, फोडायचं की पकडायचं? "आजी, उडव ना, पकडायला लई वेळ लागतो!" ती ओरडली. मला हसूच आवरेना. हा खेळ तर तुम्ही मला जठारपेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात शिकवला होता, घरात वीज नव्हती तेव्हा.

रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडल्याची बातमी आली, त्या हिवाळ्यात. तुम्ही जिनिंग फॅक्टरीतून यायचे, सदऱ्याला चिकटलेला कापूस झटकायचे आणि सारवलेल्या जमिनीवर खडूनं चौकटी आखायचे. तेच आपलं आकाश. तुमची जहाजं शेंगदाणे, माझी फुटाणे. शत्रूचं जहाज दोन बाजूंनी घेरलं, की फोडायचं असेल तर लगेच खाऊन टाकायचं. पकडायचं असेल तर आपलं एक जहाज त्याच्या शेजारी उभं करून दोन डाव थांबायचं, मग ते आपलं. मी कुठली थांबते! घेरलं की तोंडात. आई चुलीपुढून म्हणायची, "खेळून राहिली का जेवून राहिली वं?" शेवटी माझ्याकडे तीन फुटाणे उरत आणि तुमच्याकडे दोन्हींची अख्खी फौज. "खाल्लेलं जहाज लढाले येते का?" तुम्ही मिशीत हसत विचारायचे. अस्सा राग यायचा मला!

पाचवीत एका मुलीशी माझं हाडवैर होतं. पहिला नंबर कधी तिचा, कधी माझा. आपण नुकतेच बौद्ध झालो होतो, माझ्या बाकावर बसायला काही पोरी कां-कूं करत, हीही त्यातलीच असं मी धरून चालले होते. एक दिवस शाळेतला पृथ्वीचा गोल फुटला, नवा कोरा. फोडणाऱ्याचं नाव शाळेतून काटणार, असं हेडमास्तरांनी सगळ्यांपुढे सांगितलं. संध्याकाळी खेळता खेळता मी तुम्हाला म्हणाले, "बाबा, तिनं फोडला. मी पाह्यलं. उद्या सांगून देतो, जाते कटकट."

तुम्ही हातातला शेंगदाणा खाली ठेवला. "आनखी कोनी पाह्यलं?"

"नाही."

"मंग घेरली तू तिले. खाशील, तं वर्गातली एक पोरगी कमी होईन. दोन दिवस बाजूले उभी राह्य. तिचं तिले सांगू दे." आवाज चढला नाही तुमचा, पण त्या दिवशी पुढे तुम्ही खेळला नाहीत.

तिसऱ्या दिवशी कबुली झाली. महिनाभर वर्ग झाडायची शिक्षा झाली, नाव मात्र राहिलं. मग ती आपल्याकडे यायला लागली, फुटाण्यांच्या बाजूनं खेळायला लागली. तुम्ही फॅक्टरीभर सांगितलं, मायी पोरगी वैरिणीले वाचवून आली! तिच्या देखत म्हणायचे, "फोडला तं फोडला, पन कबूल केलं पोरीनं," आणि तिच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे जास्त टाकायचे. पुढे अमरावतीला कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहिलो. तुम्ही गेलात, त्या दिवशी पहिल्या एसटीनं तीच आली, आणि आठ दिवस आईजवळून हलली नाही.

बाबा, गोल मी फोडला होता. पाहिलं होतं तिनं. ती आता काय करेल या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला, म्हणून मी तुमच्यापुढे गोष्ट उलटी मांडली, तिच्या जागी माणूस काय करतो ते बघायला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "सांगत काहून नाहीस?" ती म्हणाली, "तुयी वाट पाहून राहिली मी." मग तिसऱ्या दिवशी मीच गेले वर्गाच्या बाईंकडे आणि सांगून टाकलं. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही इतके खूश होते, की जीभ रेटेना. तुम्ही तिचं कौतुक करायचे तेव्हा ती माझ्याकडे एकदा बघायची आणि गुपचूप शेंगदाणे खायची. सगळं पोटात घातलं तिनं.

हे पत्र कुठे टाकू? फुटाण्यांच्या डब्याखाली ठेवते. तुमच्या लेकीनं कुणाला पकडलं नव्हतं, बाबा, तुमची लेकच पकडली गेली होती. तुम्हाला काही माहीत नव्हतं, तरी जास्तीचे शेंगदाणे बरोबर पकडणारीलाच देत होतात.