‘य’पाशी अडलेल्या चौदा फायली

सोमवार, ९ जानेवारी १९८९. बुलढाणा

पुन्हा तेच! ‘माझं माहेर हिवरा. आम्ही बहिणी पाच. घरात चार म्हशी होत्’ — आणि पुढं नुसता काळा पडदा. म्हशी होत्, आणि मग काय झालं म्हशींचं?

जानराव म्हणाला, “भाऊ, फाईल तेवढीच असन.”

म्हटलं, “तेवढीच कशी असन बाप्पा? दोन पानं आहे ते. म्या स्वतः बडवली.”

जानराव इथं कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या डोणगावच्या शाळेतलाच पोरगा. मी तिथं प्रयोगशाळेचा शिपाई असताना त्यानं दोन परीक्षानळ्या फोडल्या होत्या. त्याची आठवण ठेवून आता माझे लाड करतो. शाळेनं जुना कॉम्प्युटर दिवाळीत भंगारात काढला, त्याच्या आधी दोन मशीनमध्ये वायर टाकून यानंच माझ्या चौदा फायली इथल्या नव्या मशीनवर उतरवून घेतल्या.

पण फाईल उतरवणं वेगळं अन् ती वाचता येणं वेगळं. मराठी लिहायचा माझा प्रोग्राम त्या जुन्या मशीनच्या अंगानं केलेला. इथल्या मशीनचा कारभार डॉस नावाच्या पद्धतीनं चालतो. वहीतून ओळ न् ओळ काढून, तीन महिने खपून इथं बसवला. नवी सून सासरी जशी विचारत फिरते — चूल कुठं, माठ कुठं, राख कुठं टाकू — तसं त्याचं चाललं आहे. नवीन काही लिहिलं तर छान उमटतं, खोडताही येतं. जुनं उघडलं की अडलाच!

माझ्या बायकोचं, झुंबरचं, वर्षश्राद्ध दोन फेब्रुवारीला; त्याआधी तिच्या गोष्टी छापायच्या आहेत. तिनं सांगितलेलं सगळं त्या चौदा फायलींत आहे. दुसरीकडं कुठंच नाही.

मंगळवार, १०

मशीनवर परीक्षेचं काम. हात हलवत परत आलो.

आशा म्हणे, “बाबा, रोज चकरा मारण्यापेक्षा कॉलेजात नाव काऊन नाही घालत? डबा देत जाईन म्या.” आईवर गेली पोरगी. जीभ तीच!

गुरुवार, १२

आज जानरावनं शक्कल काढली. आपला प्रोग्राम बाजूला ठेवून डॉसलाच सांगायचं — फाईल जशी आहे तशी दाखव.

दाखवली बरं का! ‘क’च्या जागी एक हसरं तोंड. ‘ग’ला बदाम, ‘घ’ला चौकट, ‘च’ला इस्पिक. माझ्या बायकोच्या आयुष्याचा पत्त्यांचा डाव मांडून ठेवला त्यानं.

तिसरी फाईल ‘छकडा’ या शब्दानं सुरू होते — लग्नानंतर ती छकड्यातून डोणगावला आली, ती हकिकत. ‘छ’ आला अन् मशीन ओरडलं — टीं! ‘ड’ आला अन् ओळच मोडली. चौथी म्हटलं छापूनच पाहू. ‘आठ दिवस’ मधला ‘ठ’ लागला, तर छापायच्या मशीननं अख्खा कोरा कागद बाहेर फेकला! जानराव पोट धरून हसला. “भाऊ, काकू आतून खोड्या करून राह्यल्या!”

मीही हसलो. ती असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. घरी चालत येताना मात्र हसू ओसरलं. एकवीस दिवस राहिले.

शनिवार, १४. संक्रांत

आशाच्या घरी बायकांची वर्दळ. मी मागच्या ओट्यावर वही घेऊन.

शहाऐंशीचा मे महिना आठवला. सुटीत धूळ खाऊ नये म्हणून हेडमास्तरांनी मशीन माझ्या घरी ठेवू दिलं. शाळेत सगळे त्याला बिचकायचे. मी सातवी पास, मला कशाची भीती! इंग्रजी पुस्तक अन् डिक्शनरी घेऊन वर्षभर झटत होतो. अक्षरं बसवायची म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या चौकटींत प्रत्येक अक्षर काढायचं. मी आलेखाच्या वहीत काढायचो. झुंबर शेजारी बसून जमिनीवर ज्वारीचे दाणे मांडून पाहायची. “हा तुमचा भ वाकडा झाला. त्याचं पोट कुठं गेलं?” अंगठा उठवणारी बाई ती — पण डोळा कसला!

मग ती सांगायची अन् मी लिहायचो. कळ दाबताना अक्षर मोठ्यानं म्हणायची सवय मला, अन् तिची नजर माझ्या बोटांवर. म... झ... शेजारची अंबूबाई कुंपणावरून विचारायची, “म्हातारपणी बालवाडी काढली काय हो?”

आता खरं लिहितो. हे आशालाही माहीत नाही.

नववी फाईल. आशाच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती, सुमन. आठ महिन्यांची. तिला ताप होता. झुंबर म्हणाली, आज जाऊ नका, मेहकरहून डॉक्टर आणा. मी खामगावला निघालो होतो — एका दुकानात रेडिओ उघडणार होते, मला तो आतून पाहायचा होता. उद्या येतो म्हणालो. तिसऱ्या दिवशी आलो. तोवर पोर गेली होती.

चौतीस वर्षं ती यावर एक शब्द बोलली नाही. त्या मे महिन्यात एका दुपारी सगळं सांगितलं, संथपणे, आटा मळता मळता. मी एक कळ दाबली नाही. हात मांडीवर धरून बसलो.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

तिला वाचता कुठं येत होतं!

म्हणून मला ही फाईल नुसती छापायची नाही. ती उघडायची आहे, अन् जिथं मी गप्प बसलो त्या जागी तिचं बोलणं टाकायचं आहे. वर्षश्राद्धाच्या आत. ते टाकल्याशिवाय कागद कोणाच्या हातात देणार नाही.

मंगळवार, १७

सापडलं! सापडलं!! आशानं सापडवलं!

चौदाही फायली कुठं-कुठं अडतात ते कागदावर लिहून आणलं होतं. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सगळा मजकूर आठवत नाही, पण अडलेला शब्द मला कळतो. आशा वाचत होती, मी पुढचा शब्द पुरा करत होतो — होत्या... गेल्या... बाय... सोयरे... माय...

आशा थांबली. “बाबा, सगळीकडं पुढं य च येते.”

शेंगा तशाच टाकल्या अन् चप्पल घालून कॉलेजात. जानरावनं जाडं पुस्तक काढलं. त्यात लिहिलेलं: या पद्धतीत लिखाणाच्या फायलीत सव्वीस हा आकडा आला, की फाईल संपली असं मशीन धरतं.

अन् मी अक्षरांना आकडे कसे दिले होते? पाटीवर शिकलो तसे! क एक, ख दोन, ग तीन. पाच-पाचाच्या पाच ओळी, म पंचवीस — अन् य सव्वीस!

सात म्हणजे घंटी — तो छ. बारा म्हणजे कागद बाहेर — तो ठ. तेरा म्हणजे ओळ संपली — तो ड. सगळं पुस्तकात छापलेलं! जगात शहाण्या माणसांनी हे आकडे आधीच आपापल्या कामाला लावून ठेवलेले, अन् मी येडा डोणगावात बसून एकपासून मोजायला लागलो.

जानराव म्हणाला, “भाऊ, चूक तर हाय. पण लई देखणी चूक हाय.”

बुधवार, १८

छत्तीस वर्षं शाळेची घंटा मीच दिली. फायलीतही सातव्या अक्षराला घंटा लावून ठेवली होती. सवय!

शुक्रवार, २०

इलाज झाला. फाईल किती लांब आहे हे मशीनला विचारलं तर ते सांगतं. तेवढी अक्षरांची घरं मोजायची, एकेक करून शेवटपर्यंत जायचं. मध्ये कोणी ‘थांब’ म्हटलं तरी थांबायचं नाही. वाचलेल्या प्रत्येक आकड्यात शंभर मिळवायचे, म्हणजे शहाण्यांच्या आकड्यांशी पुन्हा भांडण नको. प्रोग्रामचा अठ्ठावीस ओळींचा तुकडा. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला.

होत्या! म्हशी होत्या!

तेरा फायली वाचल्या. चौदावी राहिली, कॉलेजची घंटा झाली. हिवऱ्याची विहीर, बहिणींच्या एकमेकींच्या चोळ्या घालण्यावरून मारामाऱ्या, माझ्या आईनं पहिल्या दिवशी तिला चाळीस भाकरी थापायला लावल्या तो किस्सा. जानराव मागं उभा राहून वाचत होता. म्हणाला, “काकूचा आवाज आला, भाऊ.”

नववी मात्र मी भराभर पुढं सरकवली.

मंगळवार, २४

आशाला सांगितलं. सकाळी, ती वाती वळत होती तेव्हा. सुमनचं नाव घेतलं. रेडिओचंही सांगितलं. ‘लिहिलं’ म्हणून खोटं बोललो तेही.

वाती वळतच राहिली. मग म्हणाली, “मले एक बहीण होती, हे आज सांगून राह्यले तुमी?”

मी खाली पडलेली एक वात उचलून ताटात ठेवली.

तिनं ताट बाजूला सारलं अन् म्हणाली, “लिहा मग. आईनं जसं सांगितलं तसं लिहा. सुधारू नका, तुमाले खोड आहे.”

शुक्रवार, २७

लिहिलं. नववी फाईल उघडली, तिसऱ्या परिच्छेदाच्या खाली जागा केली अन् तिचं बोलणं टाकलं. अडीच वर्षं झाली, तरी शब्द न् शब्द कानात. ‘म्या त्यायले म्हटलं, आज जाऊ नोका.’ तसंच ठेवलं. ‘पोरीचे हात गार पडत गेले अन् मी दाराकडं पाहत होती.’ तेही.

सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडून पाहिलं — होतं! कुठं अडलं नाही.

जानराव चहा घेऊन आला अन् माझं तोंड पाहून कप ठेवून निघून गेला. शहाणा आहे.

ती ऐकायला नाही, एवढंच. आता कोणाला सांगू — बाई, लिहिलं बरं का, खरंच लिहिलं.

शनिवार, २८

छापण्याआधी चौदावी पाहिली. लिहून झालं की मी कळ दाबून टाकायचो ती समाप्तीची खूण शेवटी आली, तरी मोजणी संपेना. अजून पंधरा घरं शिल्लक! जुना प्रोग्राम त्या खुणेपाशी थांबायचा, म्हणून पुढं काही आहे हे मला कधी दिसलंच नाही. काना नाही, मात्रा नाही, नुसती अक्षरं —

सगळ वचल. रह दय.

जानरावनं हळूच वाचलं, “सगळं वाचलं. राहू द्या.”

म्हणाला, “भाऊ, हे कोणी लिहिलं?”

त्या मे महिन्यात घरात आम्ही दोघंच होतो.