माजिवड्याचा माणूस खडवलीला

डोंबिवली (पूर्व)

चि. दिशा हिस,
सहदेवमामाचे पोटभर आशीर्वाद. पुण्याची हवा मानवतेय ना? मेसच्या आमटीत डाळ सापडते ना? उपाशीपोटी फिजिक्स होत नाही. (फोनच केला असता, पण माझा फोन सध्या तुझ्या शालनमामीकडे जप्त आहे.)

अगं, तुला हे ठाऊक असणारच, पण मला सांगू दे, नाहीतर फुटेन मी. फोनला रस्ता दाखवणारे उपग्रह आहेत ना, त्यांच्या पोटात घड्याळं असतात. उपग्रह इतका सुसाट पळतो की त्या पळण्यानेच त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा रोज सात मायक्रोसेकंद मागे पडतं! बिघडत नाही हं, तिथे वेळच हळू चालते. हे वाचून मी लायब्ररीत मोठ्याने "आयला" म्हणालो, तर मला बाहेर काढलं. मग पायरीवर बसून पुढचं वाचलं. तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून तेच घड्याळ रोज पंचेचाळीस पुढेही पळतं. वजा जाता अडतीस पुढे. आणि उजेड एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो, म्हणजे हे दुरुस्त केलं नाही तर नकाशा दिवसाला दहाएक किलोमीटर चुकणार. आता नीट ऐक. माजिवडा ते खडवली सरळ रेषेत साधारण तीस किलोमीटर. वर कुणी तीन दिवस हलगर्जीपणा केला की माजिवड्याचा माणूस खडवलीला दिसणार!

आणि नेमकं तेच माझं झालं. परवा मी माजिवड्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून गेलेलो, पण मामीच्या फोनवर (मला स्टेंट बसवल्यापासून मी कुठे आहे ते तिला दिसतं) मी दिवसभर खडवलीच्या नदीकाठी. घरी आलो तर तिने पुढ्यात दुधीची भाजी वाढली आणि एवढंच विचारलं, "गुडघ्याचा डॉक्टर नदीत बसतो का?" याचंच उत्तर शोधायला तर दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. भांडली असती तर परवडलं असतं. मला घरात अजिबात करमत नाही गं.

तुझा,
सहदेवमामा

ता.क. तुझ्या कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दे, की घड्याळांच्या फरकामुळे असा घोळ होऊ शकतो. सही इंग्रजीत कर.

आणखी एक ता.क. तुझ्यापासून काय लपवायचं. माझा मित्र विश्राम, त्याने खडवलीला चुलीवरचं मटण केलेलं. (मला डॉक्टरांनी बंद केलंय, आणि माझ्यासाठी मामीनेही सोडलंय. तिला तर माझ्याहून जास्त आवडतं.) तीनच तुकडे खाल्ले. (रस्सा मोजत नाहीत.)

तिसरं ता.क. दिशा, हे मी लिहितेय, शालनमामी. हे पाकिटाला तिकीट आणायला गेलेत आणि पत्र टेबलावर उघडंच पडलंय. घड्याळांचं मीही वाचलं सगळं, यांच्याच फोनवर. ती घड्याळं वर पाठवायच्या आधीच तेवढी हळू लावून पाठवतात, तेव्हा तू उगाच खोटी सही करू नकोस. मटण खाल्लं त्याचा राग नाही गं. दोन वर्षं यांच्यासोबत मीही दुधी गिळतेय, मग डब्यातून मला दोन तुकडे आणायला काय झालेलं?