कमळाच्या छातीतलं पाणी

१ ऑगस्ट १९८६
आज उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. वैनगंगेच्या काठचं गाव, सावली या गावापासून बरंच आत. ऊर्जानगरच्या क्वार्टरात, वीजकेंद्राच्या राखेच्या धुळीत राहिलेल्या मला इथली हिरवळ पाहून हसूच आलं. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू आहे. बाया चिखलात वाकून गातात. शेजारच्या रुखमाबाईंनी भात आणि सुक्या मासोळ्यांची चटणी पाठवली. बाबांना कळवायचं, मी मजेत आहे.

४ ऑगस्ट
रुखमाबाईंची सून कमळा आठ महिन्यांची पोटुशी. विहिरीपर्यंत गेली तरी धापते. पाय सुजलेले. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते म्हणे. छातीला तपासायची नळी लावली, तर ठोक्यांच्या मधे जातं फिरल्यासारखी घरघर. नवरा लटारूनं लगेच बैलबंडी जुंपली, मीही सोबत गेले. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, त्या तापानं हृदयाची झडप आवळली आहे. रक्त पुढे सरत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं आणि तिथं पाणी साचतं. मीठ बंद, कामं बंद, आणि बाळंतपण चंद्रपूरलाच. बाळ झाल्यावर धोका जास्त, हेही बजावलं. छातीतलं पाणी लघवीवाटे उतरवायची थोडी इंजेक्शनं माझ्याजवळ दिली. पुढच्या सोमवारी तिला न्यायचं ठरलं.

९ ऑगस्ट
नदी फुगली. रस्ता पाण्याखाली. सोमवारचं जाणं गेलं.
कमळा आता भिंतीला टेकून, बसूनच झोपते. म्हणाली, ‘बाई, मी आडवी झाली का पाणी वर येते.’ रुखमाबाई कुजबुजल्या की नदीत बुडालेली कोणी बाई हिच्या छातीवर येऊन बसते. मी हसले, आणि झडपेची गोष्ट पुन्हा समजावली.

११ ऑगस्ट
पाठीवर नळी लावली. बरगड्यांच्या तळाशी चुरचुर ऐकू आली. पाणीच ते. इंजेक्शन दिलं, संध्याकाळी जरा मोकळी झाली, हसलीसुद्धा.

१२ ऑगस्ट
चुरचुर पाठीच्या मध्यापर्यंत चढली. इंजेक्शन देऊनही कशी? चुलीजवळ मासोळ्यांची टोपली दिसली तेव्हा कळलं. खारवलेल्या मासोळ्या. रुखमाबाई रडायला लागल्या. पुरात भाजी कुठली? ‘पोटुशीले नुसता भात कसा देऊ? मले वाटलं, ताकद येईन.’
त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, मग टोपली उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

१३ ऑगस्ट
शेवटचं इंजेक्शन संपलं. तिला पलीकडे न्यायला लटारू डोंगा शोधत काठाकाठानं हिंडतो आहे. कोणीच पाण्यात डोंगा घालायला धजत नाही.
खोकल्यात गुलाबी फेस. कोरड्या खाटेवर बसून ती माझा हात धरते — ‘मी बुडून राह्यली, बाई.’ तिला कुठून ओढून काढू? चुरचुर आता खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत.
नदीत बुडालेल्या बाईला मी हसले होते. आज रुखमाबाईंनी उंबऱ्यात लिंबू ठेवलं. मी ते उचललं नाही.

१४ ऑगस्ट, सकाळ
मुलगी झाली. आपोआप, लवकर. रडली. कमळानं तिला पाहिलं. वाटलं, सुटलो —

नाही. पोटाकडचं रक्त सगळं छातीकडे वळलं. डॉक्टर म्हणाले होते तेच. ओठ निळे. मला माहीत आहे काय होतं आहे. सगळं माहीत आहे, आणि हातात काही नाही.

दुपार
भिंतीवरून घसरते. म्हणून मीच तिच्या पाठीला पाठ लावून बसले आहे. हलता येत नाही. लिहिते आहे, नाहीतर ओरडेन.
तिचा श्वास माझ्या पाठीत लागतो. आत बुडबुडे —
रुखमाबाई पोरीला घेऊन दारात.

बाहेर लटारूची हाक. डोंगा मिळाला! येतो आहे —
कमळा, ऐकलंस? तिनं मान —
थांब. पाठीत श्वास लागत नाही — कमळा, श्वास घे, कम